न आलेलं उत्तर

एसएसएचचा सर्व्हर बोलका असतो. कोणीही जोडणी केली की तो आधी आपलं नाव आणि आवृत्ती सांगतो, मग पुढचं. मी ज्या टनेल सर्व्हरच्या ऑटोमेटेड टेस्ट लिहितो तो वायरगार्ड प्रोटोकॉल बोलतो, आणि त्याची रीत अगदी उलटी आहे. ज्याच्याकडे सर्व्हरची पब्लिक की नाही, त्याला उत्तरच द्यायचं नाही. तुझं पॅकेट चुकलंय, एवढंसुद्धा सांगायचं नाही. जेसन डोनेनफेल्ड यांनी हा प्रोटोकॉल २०१७ च्या एनडीएसएस परिषदेत मांडला, मार्च २०२० मध्ये लिनक्स ५.६ बरोबर तो कर्नलमध्ये आला, आणि त्यातल्या क्रिप्टोग्राफीवर तेव्हापासून पुष्कळ लिहिलं गेलं. मला मात्र त्याच्या गप्प बसण्याने पछाडलं आहे. अपेक्षित उत्तर आलं का, हे तपासणं कुणालाही जमतं. उत्तर आलं नाही, आणि ज्या कारणासाठी यायला नको होतं त्याच कारणासाठी आलं नाही, हे दाखवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

हे आत्ता लिहावंसं वाटलं ते आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलीमुळे. माझ्या टेस्ट वाचता वाचता तिने विचारलं, “सर, ही टेस्ट पास झाली म्हणजे सर्व्हर गप्प बसला, की आपण ऐकायचं लवकर थांबवलं?” हा प्रश्न मी स्वतःला कित्येकदा विचारला होता. दुसऱ्या कुणी तो मला विचारावा याची मी किती वाट पाहत होतो, ते त्या दिवशी कळलं.

टेस्ट चुकीचं पॅकेट पाठवते, थोडा वेळ सॉकेटवर कान लावून बसते, काही आलं नाही की पास होते. थोडा वेळ म्हणजे किती? माझ्या मशीनवर सर्व्हरचं उत्तर मिलिसेकंदाच्या आसपास येतं. रात्री बिल्ड मशीनवर दहा दिशांनी कामं येऊन पडलेली असतात, तेव्हा तेच उत्तर रेंगाळतं. उत्तराची वाट पाहणारी टेस्ट अशा वेळी उगाच लाल होते. कोणीतरी वैतागतं, लॉग उघडतं, निदान दखल घेतली जाते. गप्प बसण्याची टेस्ट अशा वेळी उगाच हिरवी होते. सर्व्हरने द्यायला नको ते उत्तर दिलं, ते उशिरा पोचलं, तोवर टेस्ट पास होऊन निघूनही गेली. हिरव्या टेस्टचा लॉग कोण उघडतं? या जातीच्या टेस्टमधली प्रत्येक कमजोरी हिरव्या बाजूलाच कलते, आणि म्हणून मला तिची भीती वाटते.

थांबण्याचा वेळ वाढवून भागत नाही. अशा टेस्ट शेकड्यांनी असतात, आणि प्रत्येक जर नुसतीच बसून राहिली तर सकाळपर्यंत बिल्ड संपत नाही. शिवाय जास्त थांबलं की सर्व्हर स्वतःहून बोलतो. डेटा मिळाला आणि परत पाठवण्यासारखं काही नसलं, तर १० सेकंदांनी तो एक रिकामं कीपअलाइव्ह पॅकेट सोडतो. ते आपल्या चुकीच्या पॅकेटचं उत्तर नव्हे, पण नुसतं ‘काही आलं का’ बघणाऱ्या टेस्टला हा फरक कळत नाही.

आणि खरी गाठ याच्याही पुढे आहे. सर्व्हरकडे गप्प बसायची कारणं पुष्कळ. हँडशेकवरचा पहिला मॅक चुकला. पीअर ओळखीचा नाही. टाइमस्टँप मागच्या हँडशेकपेक्षा नवा नाही. डेटा पॅकेटचा काउंटर आधीच येऊन गेलेला. की १८० सेकंदांहून जुनी. आतल्या पॅकेटचा आयपी त्या पीअरला नेमून दिलेल्या यादीत नाही. बाहेरून या सगळ्या शांतता एकसारख्या. बंद दारावर थाप मारणाऱ्याला आत कोणी नाही, झोपलंय, की मुद्दाम उघडत नाही, हे जसं कळत नाही तसंच. टाइमस्टँपची टेस्ट लिहायची म्हणून पकडलेल्या पॅकेटमधले ते बाइट बदलले की मॅक जुळत नाही. मॅक नव्याने काढला तर पॉली१३०५ चा टॅग जुळत नाही. सर्व्हर टाइमस्टँपपर्यंत पोचायच्या आतच पॅकेट फेकून देतो आणि टेस्ट हिरवी होते. ज्या ओळींसाठी ती लिहिली, त्या ओळी चाललेल्याच नसतात.

म्हणून मी खोटं बोलणारा क्लायंट लिहिला. सर्व्हर गो भाषेत आहे. क्लायंट मी पायथनमध्ये, मूळ पेपर समोर ठेवून, सर्व्हरच्या कोडमधली एकही ओळ न उचलता लिहिला. त्याला सगळं खरं बोलता येतं, आणि सांगितलेल्या एकाच ठिकाणी खोटं. प्रत्येक खोट्या पॅकेटला एक जुळं भावंड असतं: तेही १४८ बाइटांचं हँडशेक, फरक फक्त त्या एका खोट्याचा. खरं स्वीकारलं गेलं आणि खोटं नाही, तरच त्या शांततेला काही अर्थ.

जुळ्यांनीही सगळं सुटत नाही. पुन्हा पाठवलेल्या हँडशेकची टेस्ट घ्या. आधी खरं पॅकेट पाठवायचं, मग तेच परत. दुसऱ्याला उत्तर येता कामा नये. ते आलं नाही. मग माझ्या नेहमीच्या रीतीप्रमाणे सर्व्हरमधली टाइमस्टँपची तपासणी काढून ठेवली आणि टेस्ट पुन्हा चालवली. ती हिरवीच राहिली! पूर्ण संध्याकाळ मी त्या हिरव्या रेघेकडे बघत होतो. कारण सापडलं ते असं: एका पीअरकडून लागोपाठ हँडशेक आले तर सर्व्हर ते पूर म्हणून टाकून देतो, आणि सेकंदाला ५० ही त्याची मर्यादा आहे. माझं दुसरं पॅकेट पहिल्यानंतर २० मिलिसेकंदांच्या आत पोचत होतं. टाइमस्टँपचा पहारा उठवला तरी पुराचा पहारा जागा होता, आणि दोघांचं गप्प बसणं सारखंच. दोन पॅकेटांमध्ये जरा अंतर ठेवलं तेव्हा कुठे टेस्ट लाल झाली. त्या लाल रंगाचं मला जितकं सुख झालं तितकं क्वचितच कशाचं होतं.

पहारा काढून टेस्टचीच परीक्षा घेण्याची ही रीत जुनी आहे. डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांनी ती १९७८ च्या लेखात नीट मांडली. आज त्यासाठी तयार साधनं मिळतात, पण सुरक्षेच्या ओळी मी हातानेच काढतो. काढताना ती ओळ कशासाठी होती हे पुन्हा एकदा वाचलं जातं.

मेलेल्या सर्व्हरची गोष्ट वेगळीच. तो गप्प नसतो. यूडीपी पोर्ट बंद असेल तर कर्नल आयसीएमपीने ‘इथे कोणी नाही’ असं कळवतो. मात्र हे उत्तर कनेक्ट केलेल्या सॉकेटलाच ऐकू येतं. साध्या सेंडटू-रिसीव्हफ्रॉमने लिहिलेली टेस्ट बहिरी राहते आणि सर्व्हर कोसळलेला असतानाही हिरवी होते. यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे खोट्यापाठोपाठ खरं पॅकेट पाठवायचं. खऱ्याचं उत्तर आलं म्हणजे खोट्याचा निकाल आधीच लागून गेला, असं मानायचं. पण हँडशेक आणि डेटा सर्व्हरमध्ये वेगवेगळ्या रांगांत जातात, आणि एकाच रांगेवर अनेक कोअर काम करतात. मागून आलेलं पॅकेट पुढे जाऊ शकतं. वर्षानुवर्षं मी याच फटीत बोट घालून बसलो होतो.

एवढा आटापिटा कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांना मी २०१४ सालाकडे बोट दाखवतो. त्या फेब्रुवारीत ॲपलच्या कोडमधली ‘गोटू फेल’ ही दोनदा पडलेली ओळ उघडकीला आली. तिच्यामुळे सर्व्हरच्या सहीची पडताळणीच वगळली जात होती. खऱ्या साइट्स व्यवस्थित उघडत होत्या, म्हणून खऱ्याच साइट्स उघडून पाहणाऱ्या कोणत्याही टेस्टला ते कळणं शक्य नव्हतं. पाठोपाठ एप्रिलमध्ये हार्टब्लीड. टीएलएसच्या हार्टबीटचा नियम आरएफसी ६५२० मध्ये २०१२ पासून स्वच्छ लिहिलेला होता: पॅकेटने सांगितलेली लांबी खरी नसेल तर ते गुपचूप टाकून द्या. ओपनएसएसएल १.०.१ ने ते टाकून दिलं नाही. विचारलं तेवढं, एका खेपेला ६४ केबीपर्यंत, आपल्या मेमरीतलं परत पाठवलं. गुगलचे नील मेहता आणि कोडेनॉमिकॉनचे अभियंते यांना ते स्वतंत्रपणे सापडेपर्यंत दोन वर्षं उलटली होती. त्या ओपनएसएसएलवर उभे असलेले ओपनव्हीपीएनचे सर्व्हरही त्यात आले. जिथे गप्प बसायचं लिहिलं होतं तिथे सर्व्हर बोलला, आणि ते ऐकायला तिथे कुणाचीच टेस्ट नव्हती. हा इतिहास मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो, आणि सांगताना अजूनही माझा आवाज चढतो.

म्हणूनच कव्हरेजच्या टक्क्यांवर समाधान मानणाऱ्यांशी माझं पटत नाही. ओळ चालली एवढंच तो टक्का सांगतो. ती ओळ नसती तर कुणाला कळलं असतं का, हे नाही. डळमळीत टेस्ट तीनदा चालवून एकदा पास झाली तरी चालेल, अशी सोय करून ठेवणाऱ्यांचा मला त्याहून राग येतो. उत्तराची वाट पाहणाऱ्या टेस्टला ती सवलत एक वेळ ठीक. गप्प बसण्याच्या टेस्टला ती दिली, तर सर्व्हर तीनदा विचारल्यावर दोनदा गुपित फोडतो आणि आपण त्याला प्रामाणिक म्हणतो. अलीकडे कोड वाचून यंत्राने लिहिलेल्या टेस्ट रिव्ह्यूला येतात. त्या कोड जे करतो तेच बरोबर मानतात. चुकीच्या पॅकेटला सर्व्हर उत्तर देत असेल, तर ते उत्तर नीट आलं का हेही तपासतात. टेस्टची उंची मोजायची फूटपट्टी प्रोटोकॉलच्या कागदावर असते, कोडमध्ये नाही. हे मी रिव्ह्यूमध्ये लिहीत राहतो आणि लिहीत राहणार.

तर त्या मुलीने नुसतं विचारून सोडलं नाही. गोच्या १.२५ आवृत्तीत, ऑगस्ट २०२५ मध्ये, सिंकटेस्ट नावाचं पॅकेज कायमचं आलं. त्यात टेस्ट एका बुडबुड्यात चालते. आतलं घड्याळ खोटं, १ जानेवारी २००० च्या मध्यरात्री सुरू होणारं. आतली सगळी गोरूटीन कशाची तरी वाट पाहत अडकली की ते थेट पुढच्या टायमरपर्यंत उडी मारतं. आणि ‘वेट’ म्हटलं की आत कुणालाही करण्यासारखं काहीच उरलेलं नाही, हे पक्कं झाल्यावरच टेस्ट पुढे सरकते. सॉकेटच्या जागी तिने चॅनेल बसवले आणि माझ्या गप्प बसण्याच्या टेस्ट त्या बुडबुड्यात लिहून काढल्या. किती वेळ थांबायचं हा प्रश्नच मिटला. उत्तर आलेलं नाही आणि आता येणं शक्यही नाही, हे तिची टेस्ट ठामपणे सांगते. १८० सेकंदांनी की मरते ही टेस्ट डोळ्याची पापणी लवायच्या आत होते.

मला मनापासून आनंद झाला, आणि त्याच वेळी काहीतरी टोचलंही. कोणत्या मशीनवर किती मिलिसेकंद थांबायचं याचे माझे आकडे होते, वर्षानुवर्षं घासून बसवलेले. ‘सरांना विचारा, त्यांना माहीत आहे’ असं लोक म्हणत, आणि ते मला फार आवडत असे. तिच्या बदलांत ते आकडे लाल अक्षरांत खोडलेले दिसले तेव्हा मी तिचा कोड गरजेपेक्षा बारकाईने वाचला, खोट सापडावी म्हणून वाचला. त्यात खोट नव्हती.

दोन गोष्टींवर मात्र मी अडून आहे, आणि त्या अभिमानापोटी आहेत असं मला वाटत नाही. एक म्हणजे बुडबुड्यात कर्नल नाही. आयसीएमपी नाही, १५०० ची एमटीयू टनेलमध्ये १४२० होते ते नाही, पॅकेटांचे गठ्ठे एकदम पाठवणारा खरा सॉकेट नाही. म्हणून नेटवर्क नेमस्पेसमध्ये खऱ्या कर्नलवर चालणाऱ्या जुन्या टेस्ट राहतील. ती रीत मी वायरगार्डच्याच नेटएनएस स्क्रिप्टवरून शिकलो, आणि त्या टेस्ट मी काढू देणार नाही. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. बुडबुड्यात क्लायंट आणि सर्व्हर एकाच प्रोग्रॅममध्ये राहतात, आणि तिचा क्लायंट आज सर्व्हरचंच हँडशेक पॅकेज वापरतो. दोघांनी कागदाचा एकच चुकीचा अर्थ लावला, तर दोघे एकमेकांना आनंदाने ओळखतील.

मी तिला म्हटलं, “तू तुझा खोटारडा क्लायंट गोमध्ये नव्याने लिही. पेपर घे, पण सर्व्हरचा कोड उघडू नकोस, आणि माझा पायथनचाही नको.” ती म्हणाली, “सर, तुमचा बघितला तर निम्मा वेळ वाचेल.” मी नाही म्हटलं. तिचं काम आता पहिल्या हँडशेकपर्यंत आलं आहे. ते पुरं झालं की तिचा आणि माझा क्लायंट मी एकाच सर्व्हरवर सोडणार आहे, आणि एखाद्या तरी पॅकेटवर त्या दोघांचं जमू नये अशी माझी इच्छा आहे. कागद कुणी चुकीचा वाचला ते त्यातून निघेल. तो मी निघालो तर माझ्या किती हिरव्या टेस्ट खाली बसतील, याची यादी मी आत्तापासूनच करायला घेतली आहे.