काचेची नळी आणि २० मिनिटं

मुळेच्या कालव्यावर आणि जायकवाडीच्या फुगवट्यावर नेवासा तालुक्यातला ऊस उभा आहे. पावसाळा लागला की त्याच शिवारातून आमच्या दवाखान्यात पान लागलेली, म्हणजे साप चावलेली, माणसं येऊ लागतात. शेतीची लाईट रात्रीची, त्यामुळे पाणी धरायलाही रात्रीच जावं लागतं.

असाच एक जण मध्यरात्री आला. पायाला पंचा करकचून आवळलेला, घोट्याजवळ सूज. भाऊ सारखा म्हणत होता, "मॅडम, लस द्या ना लगेच, कशाची वाट बघताय?" त्याची घालमेल मला कळत होती. पण चावलेला प्रत्येक साप विष सोडतोच असं नाही, आणि लसीची रिॲक्शन आली तर तीही जिवावर बेतू शकते. शिरेतून २ मिली रक्त काढलं, कोऱ्या कोरड्या काचेच्या नळीत घातलं. सिस्टरांनी चिकटपट्टीवर वेळ लिहिली. २० मिनिटं त्या नळीला कुणी हात लावायचा नाही.

वेळ भरल्यावर नळी आडवी केली. गुठळी झाली असती तर ती तळाला धरून राहिली असती. रक्त पाण्यासारखं ओघळलं. रक्त गोठत नाही म्हणजे घोणस किंवा फुरसं, हे धरून लसीच्या १० कुप्या सलाईनमधून सुरू केल्या. ६ तासांनी पुन्हा नवी नळी.

यात काचेला फार महत्त्व आहे. काचेला लागूनच रक्त गोठायला सुरुवात होते. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत धडधाकट माणसाचं रक्तही पातळ राहू शकतं, मग नको त्याला लस जाते. शंका आली की मी शेजारी एखाद्या निरोगी माणसाचं रक्त तशाच नळीत ठेवते. सगळा पुरवठा प्लास्टिकचा होत चालला आहे. अशा वेळी कोऱ्या काचेच्या नळ्यांचा डबा वेगळा, कुलपात ठेवावा, यावर मी अडून बसते.

पण नळी सगळं सांगत नाही. जमिनीवर झोपलेलं एक पोर पहाटे पोट दुखतंय म्हणून आणलं होतं. अंगावर चाव्याची खूण नाही, रक्त नीट गोठलेलं. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी त्याला एका दमात आकडे मोजायला लावले. आवाज लवकर तुटत होता, पापण्या मिटत होत्या. मण्यार रक्ताला हात लावत नाही, श्वास बंद पाडते. लस सुरू करून, श्वास द्यायची अंबू बॅग हाताशी ठेवून आम्ही त्याला १०८ मधून नगरला हलवलं. ते पोर वाचलं.

कीटकनाशक फवारणीतल्या विषबाधेतही असंच, आधी लक्षणं बघायची. बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर असेल तर रिपोर्टची वाट न बघता ॲट्रोपिन सुरू करायचं; छाती मोकळी होईपर्यंत दर ५ मिनिटांनी डोस दुप्पट. अडचण होते ती डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणत चालत आलेल्या माणसाची. त्याला घरी पाठवायचं की ठेवून घ्यायचं? या विषामुळे रक्तातलं कोलिनेस्टरेज हे विकर किती उतरलंय हे बोटातल्या थेंबावरून काही मिनिटांत सांगणारी उपकरणं आज मिळतात. २०१७ मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा तिथे ही तपासणी होत नव्हती हे पुढे आलं. ते उपकरण प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात असायला हवं. मागणीपत्रात मी ते दरवेळी लिहिते, काचेच्या नळ्यांच्या खालच्याच ओळीत.