जुन्या ट्रकला चालतं, पिकअपला नको

आमचा एक जुना ट्रक आहे, जालन्याच्या एमआयडीसीतून सळई उचलणारा. दुसरी बीएस-६ पिकअप, बदनापूर-अंबडकडची मोसंबी वाहते. २०२१ मध्ये डिझेल शंभरीला भिडलं, तेव्हा मी ट्रकमध्ये बायोडिझेल मिसळायला सुरुवात केली.

धूर कमी झाला. पण परतूरच्या वाटेवर चढाला गाडीचा दम तुटायला लागला. मिस्त्रीनं फिल्टर खोलला तर आत डांबरासारखा काळा गाळ. "हा तुमच्याच टाकीतला," तो म्हणाला, "वर्षानुवर्षं तळाला बसलेला. या तेलानं तो सुटला." टाकी धुतली, फिल्टर बदलला, हँडपंप मारून एअर काढली. मग त्यानं डिझेलची रबरी नळी बोटांत दाबून दाखवली. नळी फुगून मऊ पडली होती, जोडाशी ओल धरत होती. जुन्या रबराला बायोडिझेल मानवत नाही. व्हायटॉनच्या नळ्या टाकल्या. त्यानंतर ट्रकची तक्रार नाही. अ‍ॅव्हरेज जरा घटतं, कारण या तेलात ऊर्जाच थोडी कमी.

हॉटेलातलं भज्यांचं तेल गाळून ओतायचा सल्लाही मिळाला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चाललं होतं, हे खरं. पण प्रक्रिया न केलेलं खाद्यतेल घट्ट असतं, नोझलवर काजळी धरतं. मिथेनॉलशी प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढलं, तरच ते बायोडिझेल.

पिकअपला मात्र मिस्त्रीनं साफ नकार दिला. तिचे कॉमन रेलचे इंजेक्टर फार नाजूक. शिवाय धुराची जाळी, म्हणजे डीपीएफ, तापवून साफ करायला इंजिन जादा इंधन फवारतं. बायोडिझेलची वाफ लवकर होत नाही. ते सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलात उतरतं आणि ऑइल पातळ होतं. बीएस-६ डिझेलच्या मानकात बायोडिझेलला जागा आहे ती ७ टक्क्यांपर्यंतच. कंपनीच्या पुस्तिकेत याहून जास्त लिहिलं नसेल, तर वॉरंटी पणाला लावण्यात शहाणपण नाही.

आणखी एक. बायोडिझेल म्हणून भलतंच औद्योगिक तेल विकणारे आपल्याकडे कमी नाहीत. स्वस्त दिसलं की आधी आयएस १५६०७ या बायोडिझेलच्या मानकाचा चाचणी अहवाल मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर गाडी तिथून सरळ पुढे काढा.