पाटीवरचं नाव

बालमित्रांनो, रस्त्याने चालताना तुम्ही कोपऱ्यावरच्या पाट्या वाचता का? आमच्या चौथीच्या वर्गाला ही सवय गिरगावात लागली. आणि त्या सवयीपायी लालबागच्या एका आजींचं हरवलेलं मत सापडलं! तीच गंमत आज सांगते.

आमची शाळा लालबागची. एका शनिवारी मुलांना घेऊन मी बेस्टच्या बसने गिरगावात उतरले. चाळींचे लाकडी कठडे, खालची दुकानं, प्रार्थना समाजाचा चौक असं सगळं बघत आम्ही ऑपेरा हाऊसकडे निघालो. वाटेत पुढची मुलं एका पाटीपाशी थबकली.

"अवंतिकाबाई गोखले मार्ग!" एकाने मोठ्याने वाचलं. "बाई, या कोण हो? राणी होत्या का?"

राणी नव्हत्या. पण त्यांची गोष्ट राणीच्या गोष्टीहून कमी नाही. अवंतिकाबाईंचं लग्न अगदी लहानपणी झालं. लिहायला-वाचायला त्या शिकल्या लग्नानंतर! पुढे त्यांनी रुग्णसेवेचं शिक्षण घेतलं आणि गिरणी कामगारांच्या बायकामुलांत काम केलं. १९१७ साली गांधीजींनी बिहारमध्ये चंपारणच्या खेड्यांत शाळा काढल्या, तेव्हा शिकवायला त्या मुंबईहून तिकडे गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी हिंद महिला समाज स्थापन केला आणि गांधीजींचं मराठी चरित्रही लिहिलं. त्याला प्रस्तावना होती लोकमान्य टिळकांची. १९२३ साली मुंबईच्या पालिकेत ज्या पहिल्या स्त्रिया सभासद झाल्या, त्यांत सरोजिनी नायडू होत्या आणि या अवंतिकाबाईही.

"मग ती पालिका बघायची!" मुलांनी एकच गलका केला.

आम्ही पुन्हा बस धरली आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उतरलो. स्टेशन आणि समोरची पालिकेची इमारत, दोन्हींचा आराखडा एकाच माणसाचा, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा. पालिकेची इमारत पुरी झाली १८९३ साली. दारासमोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे. मान वर करून बघितलं, तर दर्शनी भागावर अगदी उंच एक मूर्ती उभी दिसते. ती आहे मुंबई नगरीची. मुलांना मी गणित घातलं, "इमारत १८९३ ची. पहिल्या सभासद बायका १९२३ च्या. किती वर्षं झाली?"

"तीस!"

म्हणजे बघा, नगरीची मूर्ती वर उभी होती, पण नगरीतल्या बायकांना आत बसायला तीस वर्षं लागली. पहिल्या महिला महापौर सुलोचना मोदी १९५६ साली झाल्या. आणि निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव ठेवून पालिकेची पहिली निवडणूक झाली ती २०१२ साली. २२७ जागांपैकी ११४!

सोमवारी आमच्या विभागातल्या नगरसेविका मुलांना वाचून दाखवायला वर्गात आल्या. मी आधीच बोलावलं होतं. त्यांनी स्वतःच्या वहीतून आपल्या देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची हकिगत वाचली. ती झाली १९५१-५२ साली. मतदार सतरा कोटींहून अधिक, आणि त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. म्हणून पेट्यांवर चिन्हं लावली होती. यादी करणारे दारोदार गेले, तेव्हा कितीतरी बायकांनी परक्या माणसाला आपलं नावच सांगितलं नाही. लिहून दिलं ते अमक्याची आई, तमक्याची बायको असं! सुकुमार सेन हे तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त. अशी नोंद यादीत चालणार नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यामुळे सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. नाव नाही, तर मत नाही.

वर्ग चिडीचूप झाला. मग एका मुलाने धीटपणे विचारलं, "ताई, तुमची जागा राखीव होती ना? नसती तर तुम्ही निवडून आला असता?"

मी जरा चपापले. पण ताई हसल्या. म्हणाल्या, "खरं सांगू? कदाचित मला तिकीटच मिळालं नसतं. पण जागा राखीव असली तरी मतं राखीव नसतात रे! त्यासाठी मी प्रत्येक जिना चढलेच." मग त्यांनी उलट विचारलं, "तुमच्या आजीचं नाव काय? पटापट सांगा!"

पटापट कुठलं! निम्म्या वर्गाने एकमेकांकडे बघितलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "आमच्या आजीला सगळे पप्पांच्या नावाने हाक मारतात. त्यांची आई म्हणून."

झालं! अभ्यास ठरला. आजीचं नाव विचारायचं आणि घरच्यांबरोबर मतदार यादीत शोधायचं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी सगळ्यांच्या आधी आली. नाव कळलं होतं, पण नव्या भागाच्या यादीत ते नव्हतं. त्यांची चाळ पाडली, घर ट्रान्झिट कॅम्पात गेलं, आणि आजींचं नाव जुन्या पत्त्यावरच राहिलं. आजी म्हणाल्या होत्या, "जाऊ दे गं, माझ्या एका मताने काय होणार?" नातीने त्यांना २८ लाख बायकांची गोष्ट ऐकवली. आजी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "आण तो कागद."

पत्ता बदलला की नमुना ८ भरायचा असतो. नातीने तो सुवाच्य अक्षरात भरला. आजींनी सही केली. काही आठवड्यांनी नाव नव्या पत्त्यावर लागलं! ते नाव इथं छापू का, हे आजींना विचारायचं राहिलं, म्हणून देत नाही. आमच्या वर्गाला मात्र ते पाठ आहे.

मुलांनो, मत द्यायला तुम्हाला अठरा वर्षं पुरी व्हावी लागतील. पण पाटी वाचायला आणि आजीचं नाव विचारायला वयाची अट नाही. आज शाळेतून घरी गेलात, की एवढं कराच. आणि आईबाबांनो, तुम्हीही आपलं नाव यादीत एकदा बघून घ्या बरं!