कानापाशी

गेली पाच वर्षे माझ्या गळ्यात क्रुसाच्या साखळीखेरीज आणखी एक वस्तू आहे. घोड्याच्या नालेसारखा वाकवलेला काळा रबरी पट्टा, त्याच्या दोन्ही टोकांतून निघालेल्या वीतभर वायरी आणि वायरींच्या अखेरीस कानात घालायची दोन बोंडे. मोबाइलच्या दुकानात त्याला 'नेकबँड' म्हणतात. आमच्या वेदीसेवक मुलांनी त्याला 'फादरचा स्टेथोस्कोप' असे नाव दिले आहे. बोंडांत लोहचुंबक असल्यामुळे कानातून काढली की ती छातीवर एकमेकांना चिकटतात आणि 'टक्' असा बारीक आवाज होतो. दिवसातून किती वेळा तो आवाज मी ऐकतो, याचा हिशेब मी कधी ठेवला नाही.

हा पट्टा मी घेतला 2020 च्या जुलै महिन्यात. मार्चपासून चर्चची दारे बंद होती. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे त्या वर्षी उघडली ती 16 नोव्हेंबरला. पुढे दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 रोजी परत उघडली. माझा धर्मग्राम भंडारा जिल्ह्यात, नागपूर महाधर्मप्रांताच्या पूर्वेकडील भागात आहे. कुटुंबे थोडी आणि अंतरे मोठी. कोणी तुमसरकडे, कोणी साकोलीकडे, कोणी वैनगंगेच्या काठाने पवनीच्या वाटेवर. रोज संध्याकाळी दहा-बारा घरी फोन करायचा असे मी ठरवले, आणि फोन कानाशी धरून हात आखडू लागला, म्हणून हा खटाटोप. ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहरात पाणी शिरले, तेव्हा कोणत्या घरची माणसे कोठे हलली आहेत, हे विचारीत दोन दिवस तो पट्टा मी गळ्यातून काढला नव्हता.

सवय अशी जडली की दोन्ही हात मोकळे राहतात, हे त्याचे मोठे सुख वाटू लागले. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, अंगणातल्या झाडांना पाणी देताना लोकांची सुखदुःखे कानात येत. मात्र मी एक दक्षता घेत असे. बोंड एकाच कानात, डाव्या कानात घालायचे आणि उजवा कान मोकळा ठेवायचा. दारावर कोणी आले तर कळावे म्हणून. दूरच्या माणसांना डावा कान, जवळच्यांना उजवा, अशी ही वाटणी पुढे वर्षानुवर्षे चालली. या वाटणीकडे मला पुन्हा यायचे आहे.

वस्तू रोजची झाली की तिच्या खोडी कळू लागतात. फोन पँटच्या मागच्या खिशात असला की आवाज तुटतो, वरच्या खिशात ठेवला की सुधारतो. कारण ज्या लहरींवर हे उपकरण चालते त्या मनुष्यदेहातले पाणी शोषून घेते. नुसते भक्तिगीत ऐकताना स्वर भरघोस येतो, पण फोनवर बोलू लागलो की तोच कान पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, कारण एकाच अरुंद वाटेने आवाजाला जावे आणि यावेही लागते. ही वाटही एका जागी स्थिर नसते. ठरलेल्या 79 पट्ट्यांवरून सेकंदाला 1600 वेळा ती उडी मारीत असते, म्हणून शेजारच्याचा फोन आपल्या कानात शिरत नाही.

'ब्लूटूथ' या नावाची कथा तर आपल्या वाचकांना विशेष आवडेल. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हराल्ड नावाचा राजा होता; त्याचे टोपणनाव 'निळा दात'. पोप्पो नावाच्या धर्मगुरूने तापलेले लोखंड हाती धरले, तरी त्याच्या हाताला इजा झाली नाही, ते पाहून राजाने बाप्तिस्मा घेतला, अशी आख्यायिका आहे. येलिंग या गावी त्याने उभारलेल्या शिळेवर ख्रिस्ताची आकृती आहे आणि त्याने डेन लोकांना ख्रिस्ती केले असे कोरलेले आहे. 1994 साली ही स्मारके जागतिक वारशाच्या यादीत गेली. आणि त्याच साली स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन हा अभियंता बिनतारी जोडणीचे काम करू लागला. पुढे 1997 मध्ये इंटेल कंपनीच्या जिम कार्डाक यांनी हराल्डचे नाव सुचवले. विखुरलेल्या लोकांना राजाने एकत्र आणले, तसे हे तंत्र यंत्रांना एकत्र आणील, म्हणून. फोनवरची ती निळी खूण म्हणजे राजाच्या नावाची दोन जुन्या लिपीतील आद्याक्षरे आहेत. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हे सारे रंगवून सांगितले, तेव्हा एका मुलाने एवढेच विचारले, 'फादर, राजा दात घासत नव्हता का?'

पण हा लेख लिहायला बसलो तो राजासाठी नव्हे.

2021 च्या एप्रिलमधील गोष्ट आहे. आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ, निवृत्त कामगार, कोविडच्या कक्षात दाखल होते. आत कोणालाही प्रवेश नव्हता. मी तीनदा विनंती केली, तिन्ही वेळा नकार मिळाला. चौथ्यांदा करायला हवी होती, असे आज वाटते; त्या दिवसांत मलाही भय वाटत होते, हे मी लपवीत नाही. रात्री साडेनऊच्या सुमारास तेथल्या एका परिचारिकेने आपल्या फोनवरून त्यांना माझ्याशी जोडून दिले. मी स्वयंपाकघरात होतो. डाव्या कानात त्यांचा आवाज आला, इतका जवळून की दम लागलेला श्वासही वेगळा ऐकू यावा. ते म्हणाले, 'फादर, मला पापनिवेदन करायचं आहे.'

सेमिनरीत शिकलेले त्या क्षणी सगळे समोर उभे राहिले. पोप क्लेमेंट आठवे यांच्या काळात, 20 जून 1602 रोजी रोमने निर्णय दिला होता की दूर असलेल्या धर्मगुरूकडे पत्राने वा निरोप्याकरवी पापनिवेदन करून त्याच्याकडून पापमोचन मिळवता येते, हे मत स्वीकारार्ह नाही. तेव्हा पत्र होते, आता तार नसलेला फोन आहे, तत्त्व तेच. 2002 साली 'चर्च आणि इंटरनेट' या दस्तऐवजातही स्पष्ट सांगितले आहे की इंटरनेटवर संस्कार होत नाहीत. संस्काराला देहाची उपस्थिती लागते. ती दोघांचीही असावी लागते.

हे मला ठाऊक होते आणि मला ते मान्यही होते. पण प्रत्यक्षात मला एका मरणासन्न माणसाला थांबवायचे होते. मी म्हणालो, 'थांबा, मला सांगू नका. देवाला सांगा. मी फोन ठेवत नाही.' रोमच्या प्रायश्चित्त न्यायपीठाने 20 मार्च 2020 रोजी काढलेल्या पत्रकात आठवण करून दिली होती की ज्याला धर्मगुरू मिळणे अशक्य आहे, त्याने देवावरील प्रेमापोटी परिपूर्ण पश्चात्ताप केला आणि शक्य होताच संस्कार घेण्याचा निश्चय केला, तर गंभीर पापांचीही क्षमा होते. मी त्यांना तेवढेच साध्या शब्दांत सांगितले. पश्चात्तापाची प्रार्थना आम्ही मिळून म्हटली. ते अर्ध्या ओळीवर थांबत, मी वाट पाहत असे. मग ते गप्प झाले आणि मीही. माझ्या कानात केवळ श्वास होता. किती वेळ, सांगता येत नाही. हातातली सुरी मी खाली ठेवली नव्हती, हे नंतर ध्यानात आले.

त्या शांततेत पट्ट्यातील बाईचा आवाज इंग्रजीत बोलला, 'बॅटरी लो.' दिवसभर फोन चालू होते, चार्जिंगला लावायचे राहून गेले होते. मी घाईने ओट्यावरचा फोन उचलून कानाला लावला, तर पलीकडे परिचारिका बोलत होती: 'फादर, ते झोपले आहेत. मला फोन लागतोय.' दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

त्यांच्या पत्नीने पुढे मला विचारले, 'फादर, शेवटी कोनी होतं का जी त्यांच्याजवळ?' मी 'परिचारिका होती' असे म्हणालो. 'मी होतो' असे म्हणवले नाही. पापमोचनासाठी मी तेथे नव्हतो; मग सांत्वनासाठी तरी होतो, असे म्हणायचा मला अधिकार आहे का, हा प्रश्न मी अजूनही चाळवत असतो.

एवढे झाल्यावर मी तो पट्टा टाकून दिला असेल असे कोणाला वाटेल. तसे झाले नाही. तो गळ्यात राहिलाच. दुचाकीवरून खेड्यांत जातानाही हेल्मेटखाली तो कानात असे. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर उभ्या असलेल्या एका आजोबांनी मला हाक मारली होती म्हणे. मी तसाच पुढे गेलो. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने हातात धरलेल्या फोनबद्दल दंड सांगितला आहे, माझा फोन हातात नसतो, असा युक्तिवाद मी तेव्हा स्वतःशी करीत असे. आता दुचाकीवर तो वापरत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या उपवासकाळातला प्रसंग मात्र चांगलाच लागला. शनिवारी संध्याकाळी मी पापनिवेदनाला बसलो होतो. एक आजीबाई डाव्या बाजूच्या जाळीशी गुडघे टेकल्या. अजून क्रुसाची खूणही केली नव्हती. जाळीतून त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिले आणि विचारले, 'फादर, हे सुरू हाये का जी? याच्यात कोनी आयकून तं नाही राह्यलं?' (हे मी सांगू शकतो, कारण पापनिवेदनाला आरंभ झाला नव्हता, आणि नंतर चर्चच्या ओट्यावर पाचपंचवीस जणांसमोर त्यांनी स्वतःच हा किस्सा सांगितला.)

पट्टा चालू होता. फोन सॅक्रिस्टीत होता आणि दोघांत जोडणी कायम होती. कोणी ऐकत नव्हते, हे खरे. पण त्या बाईंना ते कसे कळावे? संस्काराची मोहर अभंग आहे, हे आपण लहानपणापासून शिकवतो. पापनिवेदनातील शब्द कोणत्याही तांत्रिक साधनाने ध्वनिमुद्रित करणाऱ्याला शिक्षा सांगणारे कलम 8 डिसेंबर 2021 पासून लागू झालेल्या सुधारित धर्मसंहितेत आहे. त्या कलमावर मी एकदा प्रवचनही केले होते. प्रवचन करणाऱ्याच्याच गळ्यात दोन काळी बोंडे लोंबत होती. मी उठलो, पट्टा काढून सॅक्रिस्टीत ठेवला आणि परत आलो. त्या म्हणाल्या, 'आता बोलतो जी.' त्यानंतरचे मला सांगायचे नाही.

त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. जाळीपलीकडचे शब्द मला नीट कळत नव्हते. आवाज येत होता, पण शब्द फुटत नव्हते. तसा त्या आधीच डावे बोंड बारीक वाजते अशी माझी तक्रार होती. दुकानातल्या मुलाने जाळीतला मळ टाचणीने काढून दिला होता, तरी फरक पडला नव्हता. घरी येऊन मी डावे बोंड उजव्या कानात घातले. स्वच्छ ऐकू आले. उजवे डाव्या कानात घातले, पुन्हा बारीक. बिघाड पट्ट्यात नव्हता.

नागपूरला जाऊन तपासणी केली. काचेच्या खोलीत बसवून एकेक स्वर ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचे. डाव्या कानाचे उंच स्वर गेले होते. स, श, फ, त अशी व्यंजने त्या स्वरांवर असतात. ती पुसली की बोलणे ऐकू येते, पण उमगत नाही. डॉक्टर म्हणाले, वय आहे आणि काही वाटा या पट्ट्याचाही असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत सुरक्षित धरला जातो. आवाज जितका चढेल तितके तास झपाट्याने घटतात. मी फोनवर ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवीत होतो आणि वाढवल्यामुळे आणखी कमी ऐकू येत असावे. परतीच्या वाटेवर नागपूरच्या महामंदिरात थोडा वेळ बसलो. त्या मंदिराचे आश्रयदाते संत फ्रान्सिस दी सेल्स हे कर्णबधिरांचेही आश्रयदाते आहेत. मार्टिन नावाच्या एका बधिर तरुणाला त्यांनी हातांच्या खुणांनी धर्मशिक्षण देऊन ख्रिस्तप्रसादासाठी तयार केले होते. तेथे शब्द नव्हते, फक्त समोरासमोर बसलेली दोन माणसे होती.

श्रवणयंत्र घ्यावे असा सल्ला आहे. तेही, दुकानदार कौतुकाने सांगत होता, ब्लूटूथवर फोनला जोडता येते. मी अजून निर्णय घेतलेला नाही. तूर्त पापनिवेदनाच्या चौकटीतील खुर्ची फिरवून घेतली आहे, जेणेकरून येणारे माणूस उजव्या कानाशी यावे. सुताराने कारण विचारले नाही. लोकांना काही दिवस चुकल्याचुकल्यासारखे झाले. वर्षानुवर्षांच्या सवयीने ते डावीकडेच वळत.

पट्टा आता जुना झाला आहे. पूर्वी दिवसभर पुरायचा तो दुपारपर्यंत दम तोडतो, मे महिन्याच्या घामाने बटणावरची खूण गेली आहे, एका बोंडाची रबरी टोपी हरवली म्हणून दुसऱ्या रंगाची बसवली आहे. आजाऱ्यांच्या घरी फोन करायचा तर अजून तोच वापरतो, उजव्या कानात. शनिवारी संध्याकाळी तो सॅक्रिस्टीत, शुभ्र झग्याच्या शेजारच्या खिळ्यावर टांगलेला असतो. कोणाचा फोन आला तर तेथेच थरथरतो आणि भिंतीवर आपटत राहतो. वेदीसेवक मुलांना ताकीद दिली आहे की त्याला हात लावायचा नाही. मिस्सा आटोपल्यावर मी त्या माणसाला परत फोन करतो.