दुसऱ्याची हांक

दुसऱ्याचें बोलणें चोरून ऐकूं नये, असें आपल्याकडे लहानपणींच शिकवितात. आणि भिंतीला कान असतात, हेंही त्याच दमांत सांगून ठेवतात. बिनतारी यंत्राचा नाद लागलेल्या मनुष्याला हीं दोन्ही वचनें एकदमच आठवावीं लागतात. आम्ही दिवसा कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकवितों आणि रात्रीं, आचोळ्यास आमच्या इमारतीच्या गच्चीवर ताणलेल्या तारेच्या आधारानें, दूरदूरचे आवाज ऐकत बसतों. हौशी बिनतारीचा परवाना आम्हीं रीतसर परीक्षा देऊन मिळविला आहे. तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांची समजूत अशी कीं, ह्या प्राध्यापकांना पोलिसांचें आणि आगीच्या बंबांचें सारें बोलणें घरबसल्या कळतें.

ही समजूत खरी नसली तरी अगदींच निराधार नाहीं. अमेरिकेंत असें ऐकण्याचा छंद पुष्कळांना आहे, व त्यासाठीं एकामागून एक लहरी चांचपणारीं यंत्रें बाजारांत मिळतात. आपल्याकडे १९३३ च्या कायद्यानें परवान्यावांचून बिनतारी यंत्र नुसतें जवळ बाळगणेंही गुन्हा ठरविलें होतें. २०२३ सालीं दूरसंचाराचा नवा कायदा झाला, तरी परक्याचा निरोप अधिकारावांचून मध्येंच टिपण्यास त्यांतही मुभा नाहीं. शिवाय जगभर ह्या खात्यांचें बोलणें हळूहळू सांकेतिक अंकांत गुंडाळलें जात आहे. चोरून ऐकणाराच्या पदरीं घरघरीपलीकडे कांहीं पडत नाहीं.

पण ऐकलेला आवाज कोणाचा हें ओळखण्याची कला मात्र मोठी मनोवेधक आहे. आम्हां हौशी मंडळींचें काम सोपें. प्रत्येकानें आपली संज्ञा सांगितलीच पाहिजे, आणि ‘व्हीयू’ ही अक्षरें कानीं पडलीं कीं बोलणारा भारतांतला, हें समजतें. संकटकाळीं धांवणाऱ्या खात्यांचे लोक नांवाऐवजीं क्रमांकानें बोलतात. मग जाणता मनुष्य इतर खुणा पाहतो. लहर कोणती, वेळ कोणती, ऐकलेला पत्ता उलट म्हणून दाखविला जातो कीं नाहीं, बोलणें तोडून तोडून आहे कीं ऐसपैस! गप्पा मारणारा एकदां म्हटलेलें पुन्हा म्हणत नाहीं. ज्याच्या शब्दावर कोणाचा तरी जीव अवलंबून आहे, तोच प्रत्येक आंकडा दोनदां उच्चारतो.

ओळखण्याच्या ह्या कलेची दुसरी बाजू मुंबईनें १९४२ सालीं पाहिली. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी २७ ऑगस्टपासून ‘काँग्रेस रेडिओ’ चालवीत होते. ४२.३४ मीटरवर आपण हिंदुस्थानांतूनच कोठून तरी बोलत आहों, एवढेंच ते श्रोत्यांना सांगत. घरें बदलत, जागा बदलत ते बोलत राहिले. पोलिसांच्या शोधक गाड्या त्यांच्या मागावर होत्या. दोन जागांहून लहरीची दिशा घ्यावयाची आणि त्या रेषा जेथें छेदतील तेथें जावयाचें, एवढेंच ह्या विद्येचें सूत्र आहे. अखेर त्यांच्याच एका तंत्रज्ञाकडून पत्ता लागून १२ नोव्हेंबरला यंत्र पकडलें गेलें. ज्या आवाजासाठीं घराघरांत लोक श्वास रोधून बसत, त्याच आवाजासाठीं शिकारीही कान लावून बसले होते. ऐकणें एकच, ऐकणाराच्या मनांत काय आहे, ह्यावर त्याचा धर्म ठरतो.

समुद्रावरील बिनतारीनें तर ह्या धर्माचा नियमच केला. जुन्या जहाजांच्या बिनतारीच्या खोलींत एक विशेष घड्याळ असे. पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस ह्या मिनिटांच्या पाचरी त्याच्या तबकडीवर तांबड्या रंगविलेल्या असत. मिनिटकांटा त्यांत शिरला कीं ५०० किलोहर्ट्झवर सर्वांनीं आपलें बोलणें थांबवून फक्त ऐकावयाचें. न जाणों, कोणाची क्षीण हांक गलबल्यांत बुडत असेल! १९१२ सालीं टायटॅनिक बुडत असतां फारशा दूर नसलेल्या कॅलिफोर्नियन जहाजावरचा एकटा बिनतारीवाला यंत्र बंद करून निजला होता. अहोरात्र कान जागा ठेवण्याची सक्ती त्यानंतर आली. १९९९ पासून नवी यंत्रणा पूर्णपणें लागू झाली आणि त्या घड्याळांचें काम संपलें. परंतु मुख्य नियम कायम आहे. ‘मेडे’ हा शब्द तीनदां ऐकूं आला कीं इतरांनीं मौन धरावें. कोणीच उत्तर देत नसेल तर मात्र आपण ती हांक पुढें पोंचवावी.

१७ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळांत मुंबईजवळच्या समुद्रांत पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसें होतीं. नौदलानें पुष्कळांना वांचविलें, तरी सत्तरांहून अधिक गेलीं. त्याच आठवड्यांत आमच्या ओळखीच्या एक बाई आल्या. टाळेबंदीचे दिवस; उंबरठ्याबाहेरच तोंडाला फडकें बांधून उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा तेलविहिरींच्या बाजूस दुसऱ्या एका बोटीवर कामाला होता, आणि दोन दिवस त्याचा फोन नव्हता. “सर, तुमच्या मशीनवर त्याच्या बोटीचं काही ऐकू येतंय का, बघा ना!” आम्हीं समजावून सांगितलें कीं, जहाजांच्या बोलण्याच्या लहरी आमच्या गच्चीपर्यंत फार तर तीस-चाळीस किलोमीटरांवरून येतील, बोट त्याहून कितीतरी दूर, शिवाय तें ऐकण्याचा आमचा परवाना नव्हे. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग ठेवलंय कशाला हे?”

त्या रात्रीं आम्हीं साधा टेलिफोन घेऊन मदतीचा क्रमांक पुन्हा पुन्हा फिरविला. त्या दारांत बसून होत्या. पहांटे केव्हां तरी बोट सुरक्षित असल्याचें कळलें. बिनतारीचा त्यांत कांहींच वांटा नव्हता.

बाईंच्या प्रश्नाचें उत्तर मात्र द्यावयाचें राहिलें. २००४ सालीं भारती प्रसाद हौशी बिनतारीच्या मोहिमेवर अंदमानांत होत्या. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, नेहमीचे दळणवळण तुटलें, आणि त्यांच्या यंत्रावरून माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर जाऊं लागले. त्या तेथें गेल्या होत्या छंदासाठीं. पण यंत्र चालू होतें, हात सरावलेला होता. वर्षानुवर्षें निरुपयोगी वाटणारा छंद असा एखाद्या दिवसासाठीं राखलेला असतो. तो दिवस न येवो हेंच बरें. आचोळ्यास पावसाळ्यांत पाणी तुंबतें. २०१८ च्या जुलैंत तर नालासोपाऱ्याचे रूळ बुडून गाड्याच थांबल्या होत्या. म्हणून मृगाच्या आधीं आम्ही यंत्राची बॅटरी भरून ठेवतों, गच्चीवरची तार तपासतों आणि रविवारीं सकाळीं इतर हौशी मित्रांच्या हजेरीला आपली संज्ञा सांगतों. बहुधा बोलण्यासारखें कांहीं नसतें. हजर आहों एवढें सांगून आम्ही पुन्हा ऐकूं लागतों.