अर्धं वाक्य आधी

माझ्या एकांकिकेतलं एक वाक्य अजून मला वश झालेलं नाही. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. माझा म्हातारा घागर घेऊन फलाटावर उभा आहे. शेजारच्याला विचारतो, "मिरजेहून निघालंय म्हणायलेत. जेवून येईल का हितंच जेवंल?"

लातुरात 'जेवून'वर हशा यायचा आणि पाठोपाठ सगळं सभागृह गप्प व्हायचं. त्या गप्प होण्यासाठीच मी एकांकिका लिहिली होती. पुण्यात स्पर्धेला गेलो तर लोक 'म्हणायलेत'वरच हसले. अर्धं वाक्य आधी. त्या हशात पुढचं बुडालं. पाण्याची पाहुण्यासारखी वाट बघणारा माणूस त्यांना दिसलाच नाही, एक गावंढळ बोलणारा तेवढा दिसला.

तो हशा मला मात्र आवडला. पुढच्या प्रयोगाला मी नटाला सांगितलं, 'म्हणायलेत' जरा ओढ, हेल वाढव. त्याने ओढलं, हशा दुप्पट झाला, आम्हाला बक्षीस मिळालं. ढाल अजून माझ्या कपाटात आहे. आल्यागेल्याला ती दाखवताना मला कधी संकोच वाटला नाही.

'हरिश्चंद्राची फॅक्टरी' मी त्याआधीच, २०१० साली, पाहिला होता. परेश मोकाशी नाटकातले, 'मुक्काम पोस्ट बोंबिलवाडी'वाले. बापू वाटव्यांनी लिहिलेलं फाळक्यांचं चरित्र वाचून त्यांनी हा चित्रपट करायला घेतला. सिनेमा दिग्दर्शित करण्याची ती त्यांची पहिलीच वेळ. २००९ साली तो भारतातर्फे ऑस्करला गेला, राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. पण मी गेलो होतो नंदू माधवांसाठी. गेवराईचा माणूस फाळके करतोय, हा आपल्या मुलखाचा अभिमान. थिएटरात बसल्यावर लक्षात आलं, त्या फाळक्यांच्या तोंडी आमच्या बोलीचा मागमूस नाही. हसायला आयता शब्दच नाही. घरातलं सामान विकायला निघतं, तारामती करायला बाई मिळत नाही, आणि हा माणूस लगबगीने पुढच्या कामाला लागलेला. आपण हसण्यासारखं काही करतोय याची त्याच्या चेहऱ्यावर खूणही नाही. हशा यायचा तो नेमका प्रसंगावर, वाक्य पूर्ण झाल्यावर. मी तेव्हा नुसता हसलो. कारागिराने बघायला हवं तसं बघितलं नाही.

यावरून बोली टाकून द्या असं कुणी म्हणेल, तर ते मला मान्य नाही. याच नंदू माधवांनी २०१२ साली 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' बसवलं. लिहिलं जांब समर्थच्या राजकुमार तांगडे यांनी, पोरं बरीचशी जालन्याकडची, भाषा रानातली. मुंबई-पुण्याचे लोक हसले ते त्या पोरांच्या चलाखीला. लक्ष्मण देशपांडे सर तर 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने बावन्न माणसं उभी करायचे. त्यातलं प्रत्येक माणूस आपल्या घरात बोलावं तसं बोलायचं. आज टीव्हीवर शिपाई, वॉचमन, बावळट पाहुणा आला की तो आमच्याकडचा. बोली म्हणजे मूर्खपणाची वर्दी झाली आहे आणि ती शिवून देणारे बहुतेक आमचेच लेखक आहेत. मीही शिवली.

हे सगळं आत्ता उकरून काढायला कारण माझा एक विद्यार्थी, नांदेडचा. मुंबईत एका ऑडिशनला त्याला सांगितलं, "छान आहे, जरा गावरान टाक." त्याने टाकलं. काम मिळालं नाही. परत आल्यावर मी त्या लोकांवर तावातावाने बोलत होतो. तो खाली बघत म्हणाला, "सर, ओढायचं तर मी तुमच्याकडंच शिकलो."

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तीच एकांकिका काढली, म्हातारा त्याला दिला. सांगितलं, काहीच करू नको, रुळाकडं बघून बोल. तो सवयीने बोलून गेला, "निघालंय म्हणूलालेत." मी लगेच टोकलं, लातूरचा माणूस 'म्हणायलेत' म्हणतो. तो म्हणाला, "मग हा नांदेडचा असू द्या ना सर. लेकीकडं आलेला."

मी वही मिटली. जन्मभर गोदावरीच्या काठावर राहिलेला माणूस, लेकीच्या गावात, रेल्वेने येणाऱ्या पाण्याची वाट बघत उभा. लेकीने घागर हातात देऊन पाठवलेला. त्याला रांगेची सवय नाही, घागर कशी धरायची तेही ठाऊक नाही. पोराने ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली, नातवाला धरावं तशी, आणि रुळाकडं बघितलं. वाक्य तो अजून बोललाच नव्हता.