नातीची मानसशास्त्राची पदवी



आमच्या नातीला मानसशास्त्र शिकायचं आहे. पसिखोमेत्रीत ८०० पैकी मार्क बरे पडले, पण मोठ्या विद्यापीठात या विषयाला लागतात तेवढे नाहीत. एका लहान मिखलालात मात्र जागा मिळाली. घरात दोन तट पडले. तिचे वडील म्हणाले, वर्षभर थांब, परीक्षा पुन्हा दे. ती म्हणाली, सैन्यात दोन वर्षं गेली, आता थांबणं नको. शेवटी आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी तिच्याबरोबर तिथल्या ओपन डेला गेलो.

इमारत नवी, कॉफी फुकट. ते असो. तीन वर्षांनी हातात काय पडतं, हे आम्हांला पाहायचं होतं. नर्सिंग पास झालं, नोंदणी झाली की बाई वॉर्डात उभी राहते. इथं तसं नाही. १९७७ च्या कायद्याप्रमाणे सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी व्हायला एम.ए. लागतं, आणि खरी चाळण त्या एम.ए.च्या दारात असते. जागा थोड्या, अर्ज ढीगभर. त्यासाठी मितम नावाची वेगळी परीक्षा देतात. तेव्हा पहिली पदवी कुठून घेतली यापेक्षा ती पुढचं दार उघडते का, हे बघायला हवं.

म्हणून आम्ही टेबलाशी बसलेल्या मुलीला विचारलं, पदवीवर ‘मानसशास्त्र’ छापणार की ‘वर्तनशास्त्र’? दुसरं नाव असलं तर एम.ए.साठी कधी कधी जादा विषय करावे लागतात. मग विचारलं, तुमच्याकडची किती मुलं मितमला बसली, किती पुढे गेली? मुलीने रंगीत पुस्तक पुढे केलं. आम्ही पुस्तक परत दिलं आणि प्राध्यापिकेला गाठलं. बाई सरळ निघाल्या. म्हणाल्या, पुढे जातात, पण सगळी नाही; आणि क्लिनिकलचं एम.ए. आमच्याकडे नाही, त्याला बाहेर जावं लागेल.

आम्हांला सर्वांत आवडली ती तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी. सेमिनारच्या गटात दहा-बाराच जण, आणि तिचा रिपोर्ट बाईंनी दोनदा लाल पेनने रंगवून परत केला, असं ती कुरकुरत सांगत होती. मुंबईला आमच्या सिस्टर ट्यूटर अशाच होत्या, चादरीचा कोपरा चुकला तरी पलंग पुन्हा करायला लावत. शंभर-दोनशेंच्या हॉलमध्ये असं कोण बघतं? उणं एवढंच, की मोठ्या ठिकाणी संशोधनाच्या लॅब जास्त असतात, इथं मोजक्या. एम.ए.च्या अर्जाला शिफारसपत्रं लागतात, ती लॅबमधल्या कामावरच चांगली मिळतात.

बाळांनो, तुमच्यापैकी कुणाला वाटत असेल की हा विषय म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं, तर ऐका. पहिल्याच वर्षी स्टॅटिस्टिक्स येतं. डॅनिएल काहनेमान यांनी १९५४ मध्ये येरुशलायमच्या हिब्रू विद्यापीठातून मानसशास्त्र आणि गणित दोन्ही घेऊन पदवी मिळवली, आणि २००२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तेही अर्थशास्त्राचं!

घरी येऊन आम्ही आमचं मत दिलं: जाऊ द्या तिला, पण दुसऱ्या वर्षापासून त्या बाईंच्या लॅबमध्ये काम करायचं, पगार नसला तरी. वडील अजून थोडे घुश्शात आहेत. फीचा पहिला हप्ता आम्ही भरला. वर्ग तिश्रीच्या सणांनंतर सुरू होतील.